चर्चला जाणाऱ्या माणसाने गावच्या विकास आराखड्यावर हरकत घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय, गावातला हिरवा पट्टा रहिवासी करायचा घाट आहे, हरकत घ्यायची मनात आहे, पण मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोघातिघांनी "श्रद्धेत राजकारण कशाला?" म्हणून सुनावलं. मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे हा वाद वडिलांच्या वेळेपासून चालू आहे.

घ्या हरकत. बायबलमधली नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट (१ राजे, अध्याय २१) पुन्हा काढून वाचा. अहाब राजाला वाड्याला लागून असलेला मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. बदल्यात याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत द्यायला तो तयार असतो. आजच्या भाषेत ऑफर चांगलीच! नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेल पत्रं धाडते, खोटे साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात. आपण राजा-राणीला नावं ठेवतो. मला जास्त खुपतात ती पत्रं ज्यांच्या हातात पडली ते, नाबोथाच्याच गावचे वडीलधारे. पत्रावर राजाची मोहर होती, म्हणून एकानंही विचारलं नाही की हे काय चाललंय.

१९९०च्या सुमारास वसईचं नियोजन सिडकोकडे, म्हणजे सरकारच्या शहर वसवणाऱ्या महामंडळाकडे गेलं. त्याच काळात इथल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून उपसलं जात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेव्हाही 'फादरांनी चर्च सांभाळावं' म्हणणारे होतेच. तेच फादर २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हार घालायला सगळेच पुढे.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या हरकतीत मी चार पानं लिहिली. 'जे घराला घर व शेताला शेत जोडतात' हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचनसुद्धा घातलं. कार्यालयात अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, "सर्व्हे नंबर कुठाय?" नव्हताच.

मग चर्चच्या हॉलमध्ये कॅरमच्या बोर्डावर नकाशा पसरून बसलो. शेजारचे एक आजोबा बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "माझं बावखल कुठं गेलं?" बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, म्हणून समुद्र एवढा जवळ असून विहिरीचं पाणी गोडं राहतं. नकाशावर त्या जागी सपाट पिवळा रंग होता, म्हणजे रहिवासी. आमची दुसरी हरकत दीड पानाची झाली: सर्व्हे नंबर, सातबाराचा उतारा, बावखलाचे भर पावसातले दोन फोटो आणि 'हे बुजवलं तर पाणी कुणाच्या घरात शिरेल' याची चार ओळींत माहिती. वचन एकही नाही. जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रेल्वे रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या, त्यामुळे तो शेवटचा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

एक मात्र बघा. 'समाज वाचवा' म्हणताना मनात 'बाहेरचे नकोत' असेल, तर ती हरकत लिहू नका. चाळीत भाड्यानं राहणाऱ्यालाही घर हवंय, आणि पूर येतो तेव्हा पाणी आधी त्याच्याच खोलीत शिरतं. शिवाय आमच्याकडे जमिनी विकणाऱ्यांत रविवारी पहिल्या बाकावर बसणारेही होते. हे सभेत बोललो म्हणून एका चुलत्यानं माझ्याशी वर्षभर अबोला धरला.

तुमच्या नोटिशीवरची मुदत आजच बघा. विकास आराखड्याला बहुतेक ३० दिवस असतात, आणि नोटीस राजपत्रात नि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येत असल्यानं त्यातले निम्मे कळेपर्यंतच जातात. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि सुनावणीला प्रत्यक्ष बोलवा असं अर्जातच लिहा. सह्यांसाठी चर्चच्या दारात थांबलात तर तसेच मंदिराच्या आणि मशिदीच्या दारातही थांबा. पाणी सगळ्यांच्या विहिरीचं आहे.

आमच्या सुनावणीत जेमतेम पाच मिनिटं मिळाली. आजोबांनी ती सगळी बावखलात कोणते मासे मिळायचे हे सांगण्यात घालवली. साहेबांनी मात्र तेवढंच पेन काढून लिहून घेतलं.