इंग्लिशमधला जुना 'दाऊ' (thou) हा शब्द आदरार्थी आहे का? मराठीत 'आपण' म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या नाटकासाठी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मधला आई-मुलाचा प्रवेश मराठीत करताय आणि जिथे जिथे 'दाऊ' आलाय तिथे 'आपण' टाकताय, कारण चर्चच्या प्रार्थनेत देवाला दाऊ म्हणतात म्हणजे तो मानाचा शब्द असणार. प्लीज तसं करू नका. दाऊ म्हणजे सरळसरळ 'तू'. आणि मानाचा शब्द होता तो म्हणजे आपला रोजचा 'यू'. मी इंग्लिश शिकवतो आणि दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अगदी जुन्या इंग्लिशमध्ये मानापमानाचा काही प्रश्नच नव्हता. समोर एक माणूस असेल तर दाऊ (तेव्हाचा उच्चार 'थू'च्या जवळचा), जास्त असतील तर 'यी', आणि 'यू' हे त्या यीचं कर्माचं रूप, म्हणजे 'तुम्हाला'. मग 1066 ला फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचनात बोलायची पद्धत होती. तेराव्या शतकापासून इंग्रजांनी ती उचलली. आपण वडीलधाऱ्या एका माणसाला 'तुम्ही आलात' म्हणतो ना, तेच. म्हणून तर आज एकाच माणसाला 'यू आर' म्हणतात, ते 'आर' मुळात अनेकवचनी क्रियापद आहे. अठराव्या शतकात बरेच लोक एकाला 'यू वॉज' म्हणायचे, म्हणजे एकवचन परत आणायचा प्रयत्नच तो एक प्रकारे, पण व्याकरणवाल्यांनी चूक ठरवून हाणून पाडला.

तर मानाची जागा यूने घेतल्यावर दाऊकडे उरलं काय? लेकरं, नोकर, जिवलग मित्र, प्रेमातली माणसं, देव, आणि ज्याचा अपमान करायचाय तो. आपल्या 'तू'सारखंच, आईलाही तू आणि भांडणातही तू. इंग्लिशमध्ये तर 'दाऊ' हे क्रियापदच झालं होतं, त्याचा अर्थ अरेतुरे करणे. शेक्सपियरच्याच 'ट्वेल्थ नाइट'मध्ये सर टोबी आपल्या मित्राला द्वंद्वाचं आव्हान पत्रात कसं लिहायचं ते शिकवतो आणि म्हणतो की दोन-तीन वेळा त्याला दाऊ म्हण, बिघडत नाही. हे नाटक 1602 च्या सुरुवातीला झाल्याची नोंद आहे, आणि पुढच्याच वर्षी हे खऱ्या कोर्टात घडलं. सर वॉल्टर रॉलेवर राजद्रोहाचा खटला विंचेस्टरला चालला, सरकारी वकील एडवर्ड कोक चिडून एकेरीवर आला आणि नुसता आला नाही तर तसं बोलूनही दाखवलं, की मी तुला दाऊ म्हणतो, तू देशद्रोही! सर किताब असलेल्या माणसाला भर कोर्टात अरेतुरे म्हणजे केवढा अपमान, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचं ऐका, मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आदर त्यांचा वाटतो. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या मंडळींनी ठरवलं की देवापुढे सगळी माणसं सारखी, तर एका माणसाला अनेकवचन लावणं ही खुशामत आहे, आम्ही सगळ्यांना दाऊच म्हणणार, न्यायाधीश असो की जमीनदार. टोपीही काढायचे नाहीत कोणापुढे. यासाठी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. टॉमस एलवुड नावाचा तरुण क्वेकर झाला (हाच पुढे आंधळ्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवायचा) आणि घरी वडिलांना दाऊ म्हणायला लागला. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की वडिलांनी हात उगारला आणि बजावलं, पुन्हा दाऊ म्हणालास तर दात घशात घालीन. मी हे शब्द मराठीकरण करून लिहीत नाहीये, मूळ इंग्लिशमध्ये अक्षरशः हेच आहे!

पण बाकी समाज नेमका उलट्या दिशेने गेला. शहरं वाढली, व्यापारी श्रीमंत झाले, समोरचा आपल्या वरचा की खालचा हे कपड्यांवरून कळेना, मग भांडण नको म्हणून सगळ्यांनाच यू. साधारण 1700 पर्यंत शहरी बोलण्यातून दाऊ गेलाच म्हणायचा. यॉर्कशरसारख्या भागात खेड्यापाड्यांत मात्र 'दा' या रूपात टिकला, आणि तिथे तो अजूनही घरचा, सलगीचा शब्द आहे.

मग तुमचा गैरसमज कुठून आला? बायबलमधून. 1611 च्या इंग्लिश बायबलमध्ये भाषांतरकारांनी जुना नियम पाळला, एकाला दाऊ, अनेकांना यी. त्यात देवालाही तोच आणि सैतानालाही तोच, येशू सैतानाला हाकलतो तेव्हाही 'दी'च म्हणतो, जे दाऊचं कर्माचं रूप. म्हणजे मानाचा काहीच संबंध नव्हता. पण रस्त्यावरून शब्द गेला आणि उरला फक्त प्रार्थनेत, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी तो फक्त गुडघे टेकूनच ऐकला आणि त्यांना तो गंभीर, पवित्र वाटायला लागला. कॉन्व्हेंटमध्ये 'हॅलोड बी दाय नेम' (दाय म्हणजे दाऊचं 'तुझं') म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांनाही तसंच वाटतं, मराठी बायबलात तीच ओळ 'तुझे नाव' अशी आहे तरी. 1952 ला अमेरिकेत बायबलची सुधारित आवृत्ती पूर्ण झाली त्यात तर माणसांसाठी यू आणि दाऊ फक्त देवाशी बोलताना, असा नियमच केला. जो शब्द जवळिकीचा म्हणून देवाला लावला जायचा तो आता अंतर ठेवण्यासाठी.

आता तुमचा प्रवेश. राणी आधी म्हणते, हॅम्लेट, तू (दाऊ) तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. यात वडील म्हणजे तिचा नवा नवरा. हॅम्लेट उत्तर देतो, आई, तुम्ही (यू) माझ्या वडिलांना फार दुखावलंत. म्हणजे मेलेला राजा. वाक्य तेच, फक्त सर्वनाम थंड. आणि लगेच पुढच्या ओळीत राणीसुद्धा यूवर जाते, आई मुलाला 'तुम्ही' म्हणायला लागते. या तीन ओळींतलं भांडण अर्धं सर्वनामांत आहे, सगळीकडे 'आपण' टाकलं की ते गेलंच. तेव्हा पहिल्या ओळीला 'तू', दुसरीला 'तुम्ही', आणि तिसरीला राणीचं 'तुम्ही' जरा लागेल असं म्हणायला लावा त्या मुलीला. पुढे प्रवेशभर मूळ संहिता शेजारी ठेवून प्रत्येक दाऊ आणि यू वेगवेगळ्या रंगाने अधोरेखित करा, कुठे बदलतात तिथे थांबून का बदलले ते नटांशी बोला, राणीचा आवाज कुठे मऊ करायचा ते त्यातूनच सापडेल.