नवशिक्याने इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी सोळा-सतरा हजारांची, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी (म्हणजे स्ट्रॅट पद्धतीची) गिटार घेतली. तिला तारांखाली तीन पिकअप आहेत, म्हणजे तारेच्या हालचालीची वीज करून अ‍ॅम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे) पाठवणारे चुंबकी भाग, आणि तिन्ही सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे. आवाज पातळ येतो, मागे सतत 'घूं' चालू असतं, आणि जो तो सांगतोय की स्वस्त गिटारचे पिकअप पहिल्यांदा काढून टाक. तर बदलू का, आणि कुठले घेऊ?

इतक्यात बदलू नका. आधी एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि शाळेतली स्टीलची पट्टी घेऊन बसा.

हे मी शहाणपणाने नाही, पदरचे नऊ हजार घालवून सांगतोय. माझी पहिली गिटार तेरा हजारांची होती. बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे खर्जाची जाड तार वाजवली की एकाच सुरात दोन सूर ऐकू यायचे, पेटीतला एखादा स्वर बिघडला की जशी लहर उठते तशी. मी ठरवूनच टाकलं की हलका माल आहे, चुंबकच भिकार असणार. पुण्यात तपकीर गल्लीतून सोल्डरिंग आयर्न आणलं, बाहेरून अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांचे तीन पिकअप मागवले, एका रविवारी अंगठा भाजून घेत ते बसवले. आणि ती लहर गेली नाहीच, उलट वाढली!

कारण नंतर एका जाणत्या कारागिराने दाखवलं तेव्हा कळलं, आणि लाज वाटली. माझे पिकअप तारांच्या फार जवळ होते. चुंबक तारेला स्वतःकडे ओढत होता, त्यामुळे तार मोकळी हलतच नव्हती. स्वस्त पिकअपमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक तारेखाली एकेक लोखंडी खिळा आणि त्यांच्या खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. जुन्या पद्धतीच्या महागड्या पिकअपमध्ये ते खिळे स्वतःच अल्निकोचे चुंबक असतात, आणि तारेवरची त्यांची ओढ जास्त. म्हणजे मी नऊ हजार मोजून रोग वाढवला होता. त्या माणसाने सहा स्क्रू सैल केले. तीन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.

पिकअप काय करतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप सुटतं. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये इवलीशी वीज तयार होते. बस्स. त्याला तार जशी हलते तेवढंच कळतं. तार गंजकी असेल, नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकत असेल, फ्रेटवर घासत असेल, तर जगातला सगळ्यात महाग पिकअप तेच घासणं जास्त स्पष्ट ऐकवील. बेसूर तंबोऱ्याला चांगला माइक लावून काय होणार? आधी जवारी लागायला हवी.

आता पट्टी घ्या. सगळ्यात जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खिळ्याच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे साधारण २ मिमी आणि बारीक तारेकडे १.६ मिमी, इथून सुरुवात करा. पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. स्ट्रॅटवर ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की पिकअप वर येतो, उलटे फिरवले की खाली जातो. एका वेळी अर्धा फेरा, मग वाजवून बघायचं. तुमचा आवाज पातळ आहे म्हणता, तर जाड तारेकडची बाजू फार खाली गेलेली असण्याची बरीच शक्यता आहे. कारखान्यातून निघून तुमच्या हातात पडेपर्यंत ही उंची कुणी पाहिलेलीही नसते. अर्धा मिलिमीटर कानाला किती मोठा असतो हे स्वतः ऐकल्याशिवाय पटणार नाही.

एवढ्याने भागलं नाही तर तारा बदला. आठ महिने त्याच तारा असतील आणि मध्ये एक पावसाळा गेला असेल, तर त्या मेलेल्या आहेत. बोट फिरवून पाहा, खरखर लागेल. नवा सेट हजाराच्या आत येतो आणि मी पाहिलेल्या 'पिकअप खराब आहेत' तक्रारींपैकी निम्म्या तिथेच मिटल्या. त्याच वेळी कारागिराकडून सेटअप करून घ्या: मानेचा बाक, तारांची उंची, नटच्या खाचा, ब्रिजवर (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) सूर जुळवणं.

आता त्या 'घूं'बद्दल, कारण इथे पैसे सगळ्यात जास्त फुकट जातात.

सिंगल कॉइल हा घरातल्या वायरिंगच्या ५० हर्ट्झ विजेसाठी एक अँटेनाच असतो. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, सगळं तो गोळा करतो. चार हजारांचा सिंगल कॉइल काढून बारा हजारांचा सिंगल कॉइल घातलात, तरी घूं तिथेच राहणार. यावरचा इलाज गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी केला: दोन कॉइल शेजारी शेजारी, वेढे उलटे आणि चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचा गोंगाट एकमेकांना खोडतो. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून हे हंबकर गिटारींवर दिसू लागले, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिकटपट्टी असायची, त्या चिकटपट्टीवरच आज लोक लाखो उधळतात.

गंमत म्हणजे तुमच्याकडे बहुधा थोडासा हंबकर फुकटच आहे. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. पिकअप निवडायच्या पाच घरांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या घरात जा, तिथे दोन पिकअप एकत्र चालतात. घूं पटकन कमी झालं तर तुमच्या गिटारमध्ये ही सोय आहे. (१९५४ च्या मूळ स्ट्रॅटला तीनच घरं होती. वाजवणारे स्विच मध्येच अडकवून ठेवायचे, शेवटी १९७७ मध्ये फेंडरने पाच घरांचा स्विच दिला.)

मग जागेवर बसल्या बसल्या गिटार घेऊन हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं जवळजवळ गायब होईल. झालं, तर ते बाहेरून येतंय. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून शील्डिंग करून घ्या, तो खर्च पिकअपच्या मानाने काहीच नाही. लॅपटॉपमधून वाजवत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर गिटार बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. आपल्याकडे जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असे किती नमुने मी पाहिलेत. प्लगची तिसरी पिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून कापू नका.

अजून एक परीक्षा, ही मला सगळ्यात आवडते. गिटार उचलून एखाद्या मोठ्या दुकानात किंवा वाजवणाऱ्या मित्राकडे जा आणि चांगल्या अ‍ॅम्पला लावा. मग उलट करा: मित्राची महागडी गिटार घरी आणून तुमच्या अ‍ॅम्पला लावा. तीही पातळच वाजली तर गुन्हेगार सापडला. दहा वॉटच्या खोक्यातला तळहाताएवढा स्पीकर जाड आवाज काढणार कुठून? पिकअपसाठी बाजूला ठेवलेले पैसे अ‍ॅम्पमध्ये घाला.

याचा अर्थ पिकअप कधीच बदलू नयेत असा नाही. मीही पुढे बदलले, आणि त्या वेळी फरक पडला, कारण तोवर मला नेमकी तक्रार सांगता येत होती. 'आवाज चांगला नाही' ही तक्रार नव्हे. 'भरपूर डिस्टॉर्शनमध्ये ब्रिजचा पिकअप किरकिरतो, मला तिथे मेटल वाजवायचंय' ही तक्रार. त्यासाठी सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर मिळतो, गिटार कोरावी लागत नाही आणि तो एकच बदलला तरी पुरतो. दुसरं म्हणजे पिकअपजवळ तोंड नेऊन बोला. तुमचं बोलणं अ‍ॅम्पमधून ऐकू आलं तर आतली कॉइल सैल आहे, मेणात नीट बुडवलेली नाही, मोठ्या आवाजात ती किंचाळणारच. आणि एखादा पिकअप मुळातच मेला असेल तर प्रश्नच मिटला. ते पाहायला गिटार उघडायचीही गरज नाही: केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण वर, स्विच एका पिकअपवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो. आकडा फारच मोठा आला, तर कॉइल तुटलीय किंवा कुठलं तरी सोल्डरचं टाकं सुटलंय. टाकं आधी तपासा.

बदलायची वेळ आलीच तर जुन्या वायरींचा फोटो काढून ठेवा. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र घातलेत आणि दोन्ही चालू केल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा बारीक झाला, तर त्यातल्या एकाच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, घाबरायचं नाही. आणि जुने पिकअप जपून ठेवा. ती तेरा हजारांची गिटार विकताना घेणाऱ्याने नव्या पिकअपचे पाचशे रुपयेही जास्त दिले नसते, म्हणून मी तिला तिचे जुने परत बसवून दिले. या वेळी उंची मोजून.