पुणे शहरात जागा कमी, म्हणून फॉर्म दुसरीकडे टाकायचा का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी झालीय, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतीये आणि आता अकॅडमीतली पोरं म्हणतायत की पुणे शहरात जागा कमी निघणार, तू लांबच्या जिल्ह्यात फॉर्म टाक. त्या टेन्शनमध्ये ती नीट जेवत पण नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. आधी तिला जेवायला घाला, मग बोलू.

राज्यात 2022 च्या शेवटी 18,331 जागांची जाहिरात आली, 2024 ला 17,471 ची. पण ही झाली अख्ख्या राज्याची बेरीज. भरती होते घटकानुसार, म्हणजे पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, पुणे ग्रामीण वेगळं, प्रत्येकाची मेरिट लिस्ट आपापली. आणि शिपाई पदासाठी अर्ज एकाच घटकात करता येतो, म्हणून मुलं आकड्याकडे बघून पळतात. घटकाचा आकडा दरवेळी हलतोच, रिटायरमेंट, प्रमोशन, नवीन पदांना मंजुरी, सगळ्याचा परिणाम. 2018 ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं तेव्हा शहर आणि ग्रामीणमधूनच माणसं वाटून दिली, 2024 ला शहरात खराडी, वाघोली, बाणेर धरून सात नवीन पोलीस ठाणी झाली. नवीन ठाणं झालं म्हणून लगेच भरती निघते असं समजू नका, सुरुवातीला आहे त्याच स्टाफची ओढाताण होते.

जाहिरात आली की एकूण जागा बघूच नका, तक्त्यात तुमच्या प्रवर्गाची ओळ काढा आणि त्यात महिला किती ते बघा. महिलांना 30 टक्के आरक्षण आहे, पण छोट्या घटकात एखाद्या प्रवर्गात महिलांची एकच जागा असते नाहीतर शून्य! मागच्या भरतीचा तिथला कटऑफ पण शोधा, जागा जास्त दिसल्या की गर्दीही तिकडेच वळते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, जिथे लागली तिथेच नोकरी, आंतरजिल्हा बदली सहज मिळत नाही, मिळाली तरी ज्येष्ठता खाली जाते. आईवडील हडपसरला आणि पोरगी एकटी दुसऱ्या टोकाला, हे चालेल का ते घरात बसून आत्ताच ठरवा.

खरं काम ग्राऊंडवर आहे. 50 मार्कांचं ग्राऊंड, त्यात निम्मे तरी हवेतच, आणि लेखीला एका जागेमागे दहाच जण घेतात. 800 मीटर 2 मिनिट 50 सेकंदात मारलं तर 20 पैकी 20. गोळ्यात मुली हमखास मार्क घालवतात, 4 किलोचा गोळा तळहातावर घेऊन फेकतात, तो बोटांच्या मुळाशी धरून मानेला टेकवून ढकलायचा असतो, एवढं एक सुधारलं तरी फरक दिसतो. आणि पावसात चिखलात पळायची सवय करा, 2024 चं ग्राऊंड ऐन जूनमध्ये सुरू झालं होतं.

एफवायची ॲडमिशन मात्र रद्द करू नका, कॉलेज चालू ठेवूनच तयारी करू द्या.

या रविवारी सकाळी तिला 800 मीटर स्टॉपवॉच लावून पळवा आणि टायमिंग मला कळवा, मग घटक कुठला ते ठरवू.