दोन हजारांच्या आत स्कॅनर घेताना

आपली २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आणि वडिलांची २०१० ची डिझेल गाडी अशा दोन्हींना चालेल, दोन हजारांच्या आत बसेल आणि इंजिनचा पिवळा दिवा पेटला की दर वेळी केवळ स्कॅनिंगसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील गॅरेज गाठावे लागणार नाही, असा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारे यंत्र, आपण विचारला आहे. घरच्या गाड्यांची किरकोळ कामे मी बारा वर्षांपासून स्वतः करतो आणि या काळात तीन स्कॅनर वापरले, त्यावरून माझे मत आधीच सांगतो. नुसता कोड दाखवणारे यंत्र घेऊ नका. चालू इंजिनचे आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा, आणि दिवा पेटला त्या क्षणी इंजिनची स्थिती काय होती याची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, या दोन्ही गोष्टी दाखवणारेच घ्या.

असे का म्हणतो, ते माझ्याच गाडीच्या एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गाडी दहा-बारा दिवस दारातच उभी होती. त्यानंतर दिवा पेटला, रेडिएटरचा पंखा सतत फिरू लागला, अ‍ॅव्हरेज पडले आणि गरम इंजिन एका सेलला सुरू होईना. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०११८ हा कोड आला आणि तो कूलंट तापमान सेन्सरचा आहे म्हणून सेन्सर बदलून मिळाला. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. तेव्हा मी घरी लाइव्ह डेटा उघडला, तर कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसत होते. कोल्हापुरात उणे ४० अंश तापमान असू शकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण त्या आकड्याला नेमका अर्थ असतो. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि थंड झाला की वाढतो. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि संगणक त्याला शक्य तितके कमी तापमान समजून इंजिनाला जादा पेट्रोल देत राहतो. मी सेन्सरचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काढला, चावी ऑन ठेवून कप्लरमधील दोन्ही टोके वायरच्या लहान तुकड्याने जोडली. वायरिंग शाबूत असते तर आकडा एकदम शंभराच्या वर गेला असता. तो उणे ४० वरून हलला नाही, म्हणजे दोष सेन्सरमध्ये नसून कप्लर आणि संगणक यांच्यामधल्या वायरमध्ये होता. बॅटरीच्या ट्रेमागे उंदराने कुरतडलेली वायर सापडली. ती डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि काम संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर कूलंटचे तापमान २६ आणि आत येणाऱ्या हवेचे २७ अंश दिसले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच असायला हवेत, ही तपासणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. (टोके जोडण्याची ही पद्धत फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे, तीन वायरींच्या सेन्सरवर ती करू नये.)

गॅरेजच्या स्कॅनरनेही तोच कोड दाखवला होता आणि तो बरोबरच होता. कोड सर्किटचे नाव सांगतो; त्या सर्किटमध्ये सेन्सर, कप्लर, वायर आणि संगणक हे चौघेही येतात. यांपैकी कोण दोषी हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि न पाहता सुटा भाग बदलला तर पैसे जातात व दोष तिथेच राहतो.

आता आपल्या दोन गाड्यांचा प्रश्न. आपल्याकडे भारत स्टेज ४ या प्रदूषण निकषांच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष नोंदवण्याची आणि वाचण्याची प्रमाणित पद्धत १ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. त्यामुळे आपली हॅचबॅक त्या निकषांची असेल तर कोणताही ठीक स्कॅनर तिच्याशी बोलेल. वडिलांच्या गाडीबद्दल मात्र घाई करू नका. स्टेज ४ निकष एप्रिल २०१० मध्ये प्रथम १३ शहरांत आले. त्यांत पुणे आणि सोलापूर होते, कोल्हापूर नव्हते, आणि संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्या सुमारास कोल्हापुरात घेतलेली गाडी स्टेज ३ ची असण्याची शक्यता बरीच आहे. अशा अनेक गाड्यांत डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट असते, पण आतला संगणक त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि साधा स्कॅनर ‘संपर्क होत नाही’ एवढेच सांगतो. सॉकेट दिसले म्हणून यंत्र विकत घेणे ही इथे सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कोणा मित्राचा स्कॅनर अर्धा तास मागून घ्या, दोन्ही गाड्यांना लावून पाहा, आणि मगच खरेदीचा विचार करा.

दोन हजारांत दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर आणि मोबाईलवरील टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखे अ‍ॅप. दुसरा म्हणजे वायर आणि पडदा असलेले हातातील यंत्र. हातातील यंत्र लगेच सुरू होते आणि मोबाईलच्या जोडणीची कटकट नसते, पण या किमतीत पडदा लहान असतो आणि एका वेळी मोजकेच आकडे दिसतात. अ‍ॅपवर दोन-तीन आकड्यांचे आलेख एकाखाली एक पाहता येतात आणि गगनबावड्याचा घाट चढताना जे घडले ते घरी येऊन निवांत तपासता येते. माझा कल अ‍ॅडाप्टरकडे आहे. आपल्याकडे आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर चालणार नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफाय असलेलाच घ्यावा लागेल.

अ‍ॅडाप्टर निवडताना एक सावधगिरी अत्यंत गरजेची आहे. बाजारात पाचशे-सातशेला मिळणारे बहुतेक अ‍ॅडाप्टर ‘ईएलएम ३२७’ या नावाने विकले जातात. ती मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते, म्हणून तिच्या असंख्य नकला निघाल्या, आणि मूळ कंपनीने २०२२ मध्ये काम थांबवले. मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरीही ‘१.५’ छापलेले अ‍ॅडाप्टर सर्रास मिळतात. म्हणून वेष्टनावरील आवृत्तीच्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. सगळ्या नकला निरुपयोगी आहेत असे नाही. नव्या गाड्यांच्या संगणकाशी बोलण्याच्या ‘कॅन’ या पद्धतीवर, म्हणजे सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर, अनेक नकला ठीक चालतात. जुन्या गाड्यांच्या ‘के-लाइन’ या पद्धतीवर, म्हणजे ७ क्रमांकाच्या पिनेवर, मात्र त्यांतल्या अनेक गप्प बसतात. वडिलांच्या गाडीसाठी हा मुद्दा निर्णायक ठरेल. हजार-पंधराशे रुपये देऊन सर्व प्रोटोकॉल, म्हणजे अशा सर्व पद्धती, चालतील अशी लेखी हमी आणि परत करण्याची मुदत देणारा अ‍ॅडाप्टर घ्यावा आणि त्या मुदतीतच दोन्ही गाड्यांवर तपासावा.

या किमतीत जे मिळणार नाही तेही सांगतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या स्कॅनरला सहसा दिसत नाहीत. डिझेल गाडीचा इंजेक्टर बदलल्यावर नवा कोड भरणे किंवा उभ्या गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, काजळी जाळून साफ करणे या कामांना सहसा त्या-त्या कंपनीचे किंवा बरेच महाग यंत्र लागते. ‘सर्व काही होते’ असे विक्रेता म्हणाला तरी त्यासाठी जादा पैसे देऊ नका. उरलेल्या पैशांत एक बरा मल्टिमीटर घ्या. वरच्या प्रसंगात वायर नेमकी कुठे तुटली हे शेवटी त्यानेच दाखवले.

वापराविषयी माझा आग्रह एकच आहे : कोड आला की आधी तो आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या किंवा पडद्याचे छायाचित्र काढा, आणि मगच पुसण्याचा विचार करा. पुसल्याबरोबर ती नोंद जाते आणि गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची स्थितीही शून्यावर येते. जुनी गाडी विकत घेताना हेच ज्ञान उलटे उपयोगी पडते. दिवा विझलेला आहे पण बऱ्याच तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत आहेत, तर बॅटरी नुकतीच काढली होती का हे विचारा. काढली नसेल तर कोणीतरी कोड नुकताच पुसला असण्याची शक्यता मोठी. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर स्कॅनर शोधत बसू नका, वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. अशा वेळी मिसफायर होऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटून, न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असते आणि तो भाग स्कॅनरच्या कितीतरी पट महाग आहे.

अ‍ॅडाप्टर कायम सॉकेटमध्ये ठेवू नये. तिथल्या १६ क्रमांकाच्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो, आणि वडिलांची गाडी आठवडाआठवडा उभी राहते असे आपणच लिहिले आहे.