मेनू डावीकडे की उजवीकडे : गूगलमधील क्रमांकाचा प्रश्न

आपण विचारले आहे की, टॉवेल-चादरींच्या आपल्या संकेतस्थळावरील मेनू डावीकडून उजवीकडे नेला तर गूगलमधील क्रमांक वर जाईल का. डिझायनरने तसे सांगितले असून त्याचे वेगळे पैसेही मागितले आहेत, असे आपण लिहिता. केवळ बाजू बदलून क्रमांक वर जात नाही. ते पैसे देऊ नयेत.

हा समज मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. 2000 च्या आसपास पानाची मांडणी टेबल टॅग, म्हणजे तक्ता आखण्याची कोडमधील खूण, वापरून केली जात असे. डावीकडचा रकाना कोडमध्ये आधी येई, त्यामुळे मेनूतील सगळे दुवे संपल्यावर कुठे मुख्य मजकूर सुरू होई, आणि कोडमध्ये वर असलेल्या मजकुराला शोधयंत्र अधिक महत्त्व देते असे तेव्हा मानले जाई. त्यावर तोड म्हणून आम्ही पहिल्या ओळीत डावीकडे एक रिकामा कप्पा ठेवायचो, शेजारचा मजकुराचा कप्पा रोस्पॅनने दोन ओळींएवढा ताणायचो आणि मेनू दुसऱ्या ओळीत टाकायचो. पाहणाऱ्याला मेनू डावीकडेच दिसे, पण कोडमध्ये तो मजकुरानंतर येई. पुढे सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेमुळे कोडमधील क्रम आणि पडद्यावरची जागा यांचा संबंधच सुटला, तरी मेनू उजवीकडे न्यावा हा सल्ला तेवढा शिल्लक राहिला.

दुव्याच्या जागेचा विचार गूगलने केलेला आहे, हेही सांगायला हवे. 2004 मध्ये दाखल केलेल्या आणि 2010 मध्ये मंजूर झालेल्या त्यांच्या एका पेटंटमध्ये, वाचक ज्या दुव्यावर जाण्याची शक्यता जास्त त्याला अधिक वजन द्यावे अशी कल्पना आहे, आणि त्यासाठी पाहायच्या गोष्टींत दुव्याची पानावरील जागाही येते. पेटंट घेतले म्हणजे ते जसेच्या तसे वापरात आहे असे होत नाही. शिवाय आपला मेनू प्रत्येक पानावर सारखाच असल्याने तो हलवला की सगळे दुवे एकदमच हलतात. टॉवेलच्या पानाला चादरीच्या पानापेक्षा त्यातून वेगळे काही मिळत नाही.

खरी मेख मोबाइलमध्ये आहे. गूगलने 2016 मध्ये जाहीर केलेला आणि 2023 मध्ये पूर्ण केलेला बदल असा, की पानाची नोंद आता त्याच्या मोबाइल रूपावरून होते, आणि तिथे डावे-उजवे उरतच नाही. तीन रेघांच्या बटणामागे सगळा मेनू दडलेला असतो. दडलेला असला तरी हरकत नाही, पण तो कोडमध्ये असावा लागतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका कारखान्याचे संकेतस्थळ मी तपासले होते. संगणकावर सगळा मेनू नीट दिसे. मोबाइलवर जागा वाचवण्यासाठी तीनच नावे ठेवली होती आणि तीही खरे दुवे नव्हती, तर ऑनक्लिकवर चालणारे स्पॅन, म्हणजे दाबल्यावरच पान उघडणारे नुसते शब्द होती. गूगलचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, बटणे दाबत नाही. तो ए टॅग या दुव्याच्या खुणेतील एचरेफ, म्हणजे पत्ता, वाचून पुढच्या पानावर जातो. नॅपकिन आणि जॅकार्ड चादरींची पाने त्याला सापडत नव्हती, यात नवल नव्हते. सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात आपल्या पानाचा पत्ता तपासून बॉटला मिळालेले कोड उघडावे आणि त्यात प्रत्येक दुवा आहे का, ते पाहावे.

दुव्यावरचे शब्दही तेवढेच महत्त्वाचे. आपल्या मेनूत नुसते ‘प्रॉडक्ट्स’ आहे. तिथे ‘टर्किश टॉवेल’, ‘सोलापुरी चादर’, ‘नॅपकिन’ अशी गिऱ्हाईक वापरते ती नावे द्यावीत. चादरींच्या माहितीत ओघाने टॉवेलच्या पानाचा दुवा आला तर आणखी बरे, कारण आजूबाजूच्या वाक्यांवरून तो कशाचा आहे हे गूगललाही कळते.

दिसायला बरे वाटते म्हणून मेनू वरती किंवा उजवीकडे न्यायचा असेल, तर जरूर न्यावा. मात्र त्या निमित्ताने डिझायनर पानांचे पत्ते बदलत नाही ना, हे आधी विचारावे. बदलणार असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमचे वळण, लावून घ्यावा. मेनू हलवल्यावर क्रमांक घसरल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांत हेच राहून गेलेले होते.