ह्यांची नोकरी गेलीये, तरी फॅफसा भरायचा का?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, मुलगी इथली सिटिझन, २०२६ च्या फॉलला कॉलेजला जाईल. ह्यांची नोकरी या जूनमध्ये गेली, पण फॅफसावर (कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) विचारतात २०२४ चं उत्पन्न आणि तेव्हा पगार चांगला होता. हे म्हणतात, आपल्याला काही मिळणार नाही, उगाच भरत बसू नकोस. मोठा मुलगा आधीच कॉलेजात आहे. खरंच सोडून देऊ का?

उत्तर : नका सोडू, प्लीज नका सोडू. २०२६-२७ च्या फॅफसाला २०२४ चाच टॅक्स रिटर्न लागतो हे खरंय, आणि तिथे तुम्ही खरे तेच आकडे द्यायचे, स्वतःच्या मनाने कमी करायचे नाहीत. पण फॉर्म गेला की मुलीच्या प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला वेगवेगळं लिहायचं की वडिलांची नोकरी गेलीये, आमचं प्रोफेशनल जजमेंटखाली बघा (म्हणजे खास परिस्थिती पाहून आकडे बदलायचा कॉलेजचा अधिकार). सोबत कंपनीचं टर्मिनेशन लेटर, शेवटची पे स्टब, बेरोजगार भत्त्याचे कागद जोडायचे. निर्णय कॉलेजचा असतो आणि तोच शेवटचा, सरकारकडे अपील नाही, त्यामुळे एका कॉलेजने नाही म्हटलं तरी दुसरं हो म्हणू शकतं. मात्र फॅफसाच भरलेला नसेल तर ते बदलणार तरी काय?

आणि अजून एक, घर स्वतःचं आहे, फोर-ओ-वन-केमध्ये (नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं) पैसे आहेत म्हणून घाबरू नका, राहतं घर आणि रिटायरमेंटच्या खात्यातली शिल्लक फॅफसात धरतच नाहीत. काही खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म मागतात, तिथे घराचं विचारू शकतात. मोठ्या मुलाचं मात्र वाईट वाटतं सांगायला, आधी दोन मुलं एकदम कॉलेजात असली की हिशोब हलका व्हायचा, २०२४-२५ पासून ती सवलत गेली. तरी कॉलेजला लिहाल तेव्हा त्याचा खर्चही लिहा.

पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, उत्पन्नावर ठरते, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, ती तुम्हाला मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण उत्पन्न कितीही असलं तरी पहिल्या वर्षाला मुलीच्या नावावर ५,५०० डॉलरपर्यंत फेडरल लोन मिळतं, त्यालाही फॅफसाच लागतो.

आता नावाचं, कारण आपली माणसं इथेच अडकतात. फॅफसासाठी मुलीचं अकाउंट वेगळं, तुमच्यापैकी एकाचं वेगळं (जॉइंट रिटर्न असेल तर एक पालक पुरतो). आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कुणाच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर ते असतं, कुणाच्या नसतं, कुणाचं पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं. कार्ड समोर ठेवून अगदी तस्संच टाईप करा, पासपोर्ट बघून नको, नाहीतर नाव जुळत नाही आणि गाडी अडते. टॅक्सची माहिती आयआरएसकडून (इथलं टॅक्स खातं) घ्यायची संमती मुलीने आणि त्या पालकाने आपापल्या अकाउंटमधून द्यायची, ती राहिली तर फेडरल मदत मिळतच नाही.

प्रश्न : आम्ही दोघं एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवर (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा), मुलगा इथे जन्मलेला. त्याला चालेल?

उत्तर : हो, चालेल. मुलगा सिटिझन आहे ना, मग आईवडिलांचा व्हिसा कोणताही असो. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अकाउंट उघडता येतं. एच-फोरवर असलेल्या मुलांना मात्र फेडरल मदत नाही, त्यांनी थेट कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिप विचाराव्यात. आणि राज्याची तारीख आधी बघा, कॅलिफोर्नियात साधारण २ मार्च असते, २०२६-२७ ची फेडरल मुदत २०२७ च्या जूनअखेरपर्यंत आहे म्हणून थांबलात तर राज्याचे पैसे हातचे जातात.