निवेदन मराठीत द्या, माहिती अर्ज हिंदीत

बेळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिका हद्दीतून गल्लीच्या पंच कमिटीच्या सेक्रेटरींचे पत्र आले आहे. गावाचे नाव गाळतो, कारण याच मजकुराची पत्रे दर पावसाळ्यात येतात. दोन वर्षांपूर्वी गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. जुना थर न उकरता वरच ओतल्याने रस्ता उंबऱ्यांच्या वर गेला, गटार पुढे नाल्याला जोडलेच नाही आणि वळवाच्या पहिल्या सरीत पाणी घरात. चार निवेदने मराठीत दिली, ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून ती परत मिळाली. गेल्या ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराचा अर्जही मराठीतच टाकला, त्याला उत्तर नाही. आता कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जनहित याचिका घालावी का, असे विचारता.

सेक्रेटरीसाहेब, निवेदन आणि माहिती अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकाच पिशवीत घातल्यात, तिथेच दहा महिने गेले.

निवेदनाच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. उत्तरही मराठीतच मिळेल असे मात्र ते कलम म्हणत नाही. कारकून घेत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. परत दिलेली चार निवेदने तुम्ही घरी नेऊन ठेवलीत, त्यांची पोच एकाचीही नाही. कोर्टाच्या लेखी ती दिलीच नाहीत.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(१) मात्र वेगळे बोलते. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. इथली राजभाषा कन्नड. मराठी त्यात बसत नाही. अर्ज हाती पडल्यावर निदान तसे कळवायला हवे होते, असा वाद घालता येईल. माहिती आयोग तो कितपत मानेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार, आणि त्यापुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. तेही तुम्ही केले नाही. आपली मराठी पोरे शाळेत हिंदी शिकलेली असताना अर्ज हिंदीत लिहायला काय हरकत होती? सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहेच, तो गटाराच्या अर्जावर लढायची गरज नाही.

एवढा त्रागा का, तर घड्याळ दुसरीकडे चालू आहे. अशा कामाच्या करारात कंत्राटदाराची दुरुस्तीची जबाबदारी ठरावीक मुदतीपुरती असते. काम पुरे झाल्याच्या तारखेपासून ती मोजतात आणि मुदत सरली की त्याची अनामत परत जाते. तुमच्या कामाला किती मुदत आहे ते करारातच कळेल. कुठे वर्ष असते, कुठे तीन. ती संपली असेल तर गटाराचा खर्च नगरपालिकेच्या गळ्यात, आणि मग ‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेले. म्हणून सगळे त्या एका तारखेवर अडले आहे.

नवा अर्ज याच आठवड्यात द्या. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कर्नाटकाच्या नियमात एक अर्ज, एक विषय आणि साधारण दीडशे शब्द, तेव्हा गाऱ्हाण्याची कथा त्यात घालू नका. वर्क ऑर्डर, कराराची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पाने, काम पुरे झाल्याची तारीख आणि अनामत परत दिली का, एवढेच मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फारच थोडे लोक वापरतात. काँक्रीटचा तुकडा हाती आला की साहेबांचा आवाज बदलतो. उत्तर कन्नडमध्ये आले तर गल्लीतले दहावीचे कुठलेही पोर वाचून दाखवेल.

मुदत शिल्लक असेल तर कंत्राटदाराला नोटीस काढा म्हणून मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा. संपली असेल तर याचिकेआधी प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश मागता येतो. रतलामच्या उघड्या गटारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हेच कलम लावले आणि पैसा नाही ही सबब नगरपालिकेला चालणार नाही असे सांगितले. अधिकारी किती हलतील हे मात्र त्या त्या अधिकाऱ्यावर आहे. धारवाडची वाट बंद नाही, पण पोच, करार, फोटो यांतले काहीच नसता तिथे गेलात तर ‘आधी नगरपालिकेकडे जा’ ऐकून परत याल, तेही बऱ्याच तारखांनंतर.

पाणी घरात शिरते तेव्हाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पाऊस तोंडावर आहे.